भोवतीचा 'पेरि'

"मामा, पेरिकार्डियम आणि पेरिकार्प यांत माझा दर वेळी गोंधळ होतो," असे लातूरला नीटची तयारी करणारी भाची आज म्हणाली, तेव्हा तिच्या वहीत असे शब्द एकाखाली एक लिहिलेले दिसले आणि समोर लाल शाईत 'पाठ करणे' अशी नोंद होती.

'पेरि' हा ग्रीक उपसर्ग असून त्याचा अर्थ 'भोवती' असा आहे, एवढेच मी सांगितले. हृदयाभोवतीचे दुपदरी आवरण ते पेरिकार्डियम आणि बीभोवतीची फळाची भित्ती ते पेरिकार्प. तिने टोपलीतला केशर आंबा उचलला. पातळ साल, आपण खातो तो गर आणि कोयीचे टणक कवच हे तिन्ही थर पेरिकार्पचेच, हे तिला तोंडपाठ होते. पण हे सारे आतल्या बीभोवती आहे, हे तिला आंबा हातात फिरवताना उमगले.

मग पेरिमीटर म्हणजे आपली परिमितीच की, हे तिचे तिनेच ओळखले. संस्कृत 'परि' आणि ग्रीक 'पेरि' यांचे इंडो-युरोपीय मूळ एकच आहे; परिसर, परिधी, परिक्रमा हे शब्द तर औंढा नागनाथाच्या वाटेवरही कानी पडतात.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली आपली मुले अकरावीत एकदम इंग्रजी संज्ञांपुढे उभी राहतात आणि घरचीच ओळख विसरून घोकंपट्टी करतात, याचे मला फार वाईट वाटते. शिकवणी वर्गांनी सुरुवातीलाच अशा उपसर्गांसाठी एखादा तास राखून ठेवायला काय हरकत आहे?