खोकणाऱ्याची साक्ष

फोक-रॉकच्या, म्हणजे लोकसंगीत आणि रॉकच्या मिश्रणाच्या, कार्यक्रमात एकटं फिडल (व्हायोलिन) रेंगाळत असतं, ड्रमवाला काठ्या मांडीवर ठेवून थांबलेला असतो, आणि नेमका तेव्हाच डाव्या माइकपासून दोन हातांवर कुणीतरी घसा खाकरतं. प्रेक्षकांत बसून रेकॉर्डिंग करणाऱ्याला त्या क्षणी तो माणूस शत्रू वाटतो. पुढे त्याच कार्यक्रमाच्या दोन टेपा शेजारी ठेवल्या की पहिल्यांदा शोधला जातो तोही हाच. दोन्हींत तो त्याच ओळीवर, त्याच बाजूने, तेवढ्याच जवळून खोकला, तर त्या एकाच मास्टरच्या, म्हणजे मूळ टेपेच्या, दोन प्रती. एकीत खोकला आणि दुसरीत त्या जागी शिट्टी असेल, तर रेकॉर्डर दोन होते.

टेपेवरच्या लेबलावर विसंबण्यात अर्थ नसतो. अमेरिकन गायक बॉब डिलनचं १७ मे १९६६ चं ध्वनिमुद्रण वर्षानुवर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं म्हणून फिरत राहिलं. ते होतं मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधलं. १९९८ मध्ये ते अधिकृतपणे आलं तेव्हाही ते चुकीचं नाव अवतरणचिन्हांत टिकूनच होतं!

परवानगीचा प्रश्न बँडगणिक वेगळा. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडने ऑक्टोबर १९८४ पासून रेकॉर्डिंग करणाऱ्यांना स्वतंत्र जागाच नेमून दिली. जिथे मनाई आहे तिथे यंत्र घरी ठेवावं.

फोक-रॉकची अडचण अशी, की एका गाण्यात नुसती गिटार आणि आवाज, तर पुढच्यात बास आणि ड्रम अंगावर येतात. हळू गाण्यावर रेकॉर्डिंगची लेव्हल लावली की दहा मिनिटांत सगळं फाटतं. म्हणून सर्वांत जोरकस गाणं धरून आवाजाची शिखरं मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये ठेवावीत (शून्य म्हणजे यंत्राची कमाल मर्यादा), २४ बिटवर रेकॉर्ड करावं आणि बटणाला पुन्हा हात लावू नये. लेव्हल आपोआप कमीजास्त करणारी ऑटो लेव्हल बंदच हवी, नाहीतर ड्रमच्या प्रत्येक ठोक्यासरशी मँडोलिन पाण्याखाली जाऊन वर येतं. फसवा दोष दुसराच. छोटे इलेक्ट्रेट माइक रेकॉर्डरच्या दोन-तीन व्होल्टवर चालवले तर बासच्या माराने ते स्वतःच गुदमरतात. मीटर हिरवाच राहतो आणि आवाज मात्र खरखरतो. मध्ये ९ व्होल्टचा बॅटरी बॉक्स घालून रेकॉर्डरच्या लाइन-इनमध्ये (माइकच्या नव्हे, दुसऱ्या यंत्राच्या आवाजासाठीच्या खाचेत) जोडलं की बहुतेक वेळा हे थांबतं. ३२ बिट फ्लोटने (मोठा आवाजही रेकॉर्डरमध्ये न फाटू देणाऱ्या पद्धतीने) मात्र थांबत नाही, कारण बिघाड माइकमध्येच झालेला असतो.

जागेचं म्हणाल, तर पहिली रांग रेकॉर्डिंगला वाईट. तिथे ड्रम आणि अँप्लिफायर थेट कानात येतात, गायकाचा आवाज मात्र दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरांतून डोक्यावरून निघून जातो. सगळ्या माइकांचा आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरच्या आसपास, मधोमध, माणसांच्या डोक्यांहून उंच स्टँड असेल तर उत्तम. दोन माइकांत १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन ही ओआरटीएफ मांडणी सहसा दगा देत नाही. माइक टोपीला लावले असतील तर मान वळवायची नाही. शेजाऱ्याकडे पाहिलं की अख्खा बँड उजवीकडून डावीकडे चालत जातो.

तुलना करताना आधी दोन्हींचा आवाज सारखा करावा. अर्ध्या-एक डेसिबलने मोठी असलेली टेप कानाला उगाच सरस वाटते. मग वेग. रेकॉर्ड करताना बॅटरी उतरत गेली की कॅसेट हळू फिरते, आणि नीट वेगाने वाजवताना गाणी घाईला येऊन स्वर चढतात. ६ टक्के म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर. कॅपो (तारा दाबून स्वर चढवणारी पट्टी) लावलेल्या गिटारवरून हे ठरवू नये. माउथऑर्गन बरा, तो रंगमंचावर कुणी सुरात लावत बसत नाही. युरोपातल्या टेपेत विजेची गुणगुण ५० हर्ट्झवर हवी. ती ५१.५ वर दिसली तर टेप ३ टक्के जास्त वेगात आहे. मात्र ही गुणगुण नंतर प्रत काढताना शिरली असेल तर तिच्या साक्षीला मूळ वेगाबाबत किंमत नाही. फाइल फ्लॅक (आवाजातलं काही न गाळणारी) आहे एवढ्यानेही हुरळू नये. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांच्या आलेखात, १६ किलोहर्ट्झवर कडा तुटल्यासारखी दिसली, तर मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर ती एमपी३ होऊन आली असण्याचा दाट संशय घ्यावा.

मिक्सरमधून घेतलेली टेप स्वच्छ म्हणून श्रेष्ठ, हा समज छोट्या सभागृहात कोसळतो. ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार मुळातच मोठे, त्यामुळे ते मिक्सरवर कमी घेतात. टेपेत उरतो कोरडा गळा आणि फिडल. त्यात प्रेक्षकांतली टेप मिसळली की सभागृह परत येतं. पण रंगमंचापासून ३४ मीटरवर बसलेल्या माइकला आवाज १०० मिलिसेकंद उशिरा पोचलेला असतो. मिक्सरची टेप तेवढी उशिरा सुरू करावी लागते. शिवाय दोन यंत्रांची घड्याळं एकसारखी चालत नाहीत. दहा लाखांत २० भागांचा फरकही तासाभरात ७२ मिलिसेकंद होतो, आणि स्नेअर ड्रमचा एक ठोका दोन ऐकू येतो.

प्रेक्षकांच्या दोन टेपा जोडतानाही हेच. सी-९० कॅसेट ४५ मिनिटांनी उलटताना गाण्याचा तुकडा निसटतो, तो दुसऱ्या टेपेतून घ्यावा लागतो. संगीतावर सांधा जुळवणं अवघड, कारण सूर लांबलेले असतात. दोन्ही माइकांनी टिपलेली एखादी टाळी, पडलेली बाटली किंवा कोरडा ठसका शोधावा. खोकला पुसणारी सॉफ्टवेअर आता चांगली झाली आहेत. ती प्रतीवर चालवावीत. मास्टरमधला तो माणूस खोकत राहू दे, पुढची टेप सापडली की तोच लागणार आहे.