उतारावर लुकलुकणारा दिवा

चाळीसगावात गॅरेज असलं की कन्नड घाटाची गिऱ्हाईकं आपोआप येतात. चढायला गेलेल्यांची तक्रार इंजिन तापल्याची, उतरून आलेल्यांची ब्रेकची. पाचोऱ्याकडचे एक आबा मात्र वेगळंच सांगत आले. घाट उतरताना उजव्या वळणाला डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकतो, खालून खर्र आवाज येतो आणि गाडी क्षणभर बाहेर, डावीकडं ओढते. डाव्या वळणाला काही नाही.

टायरवाल्यानं "ट्रॅक्शन आहे, चाकं घसरतात" म्हणून पुढचे दोन्ही टायर नवे घातले होते. दिवा तरी लुकलुकतच होता.

मी एकच विचारलं, "आबा, दिवा लागला तेव्हा रेसवर पाय होता का?"

"उतारवर रेस कोन देस, भो? मी तं पाय उचली लिधा व्हता."

ट्रॅक्शन कंट्रोल इथंच बाद झालं. त्याचं काम एवढंच, की रेस दिल्यावर इंजिनाच्या जोरानं चाक जागीच फिरायला लागलं, तर त्या चाकाला ब्रेक लावायचा किंवा इंजिनाची ताकद कमी करायची. एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, तिच्याच सेन्सरवरून त्याला चाकांचा वेग कळतो. पाय उचलल्यावर फिरायला काय राहिलं? म्हणजे बोलत होतं ते स्टॅबिलिटी कंट्रोल. गोंधळ होतो कारण बऱ्याच गाड्यांत दोघांचा दिवा एकच असतो. लुकलुकला तर यंत्रणा काम करतेय, लागून राहिला तर ती बंद आहे किंवा बिघाड आहे.

स्टॅबिलिटी कंट्रोल स्टिअरिंग किती वळवलंय ते बघतं आणि गाडी खरोखर किती वळतेय ते वेगळ्या सेन्सरवरून ताडतं. दोन्ही जुळेना की एकाच चाकाला ब्रेक लावतं, बैलगाडीत एकाच बैलाची वेसण खेचावी तसं. गाडी गरजेपेक्षा जास्त वळत असेल तर बहुधा वळणाच्या बाहेरचं पुढचं चाक धरतं, कमी वळत असेल तर आतलं मागचं. १९९५ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आलेली ही गोष्ट आता पाचोऱ्याच्या शेतरस्त्यावर आलीये, पण आमच्याकडचे निम्मे लोक अजून तिला ट्रॅक्शनच म्हणतात.

आबांना शेजारी बसवून गाडी सरळ रस्त्याला घेतली. गाडी नाकासमोर चाललेली, पण स्टिअरिंगवरचा लोगो डावीकडं कललेला. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर चारही चाकांचे वेग सारखे, वळण्याचा सेन्सर शून्यावर आणि स्टिअरिंगचा कोन डावीकडं बारा अंशांच्या आसपास. चोर सापडला.

"टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा, बदलला होता का?"

"हो. अलाइनमेंट पण केली."

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, केली खरी, पण स्टिअरिंग वाकडं ठेवून. त्यामुळं उजव्या वळणावर आबा वळवायचे त्यापेक्षा कमी वळवल्याचं गाडीला वाटे. मग गाडी जास्त वळतेय असं समजून ती डावं पुढचं चाक धरी. ओढ दरीच्या बाजूला असेल तर माणसाच्या पोटात गोळा येणारच. स्टिअरिंग हलू न देणारं लॉक नीट बसवून ते सरळ धरलं, अलाइनमेंट पुन्हा केली, मग स्कॅनरनं कोनाचा शून्य बसवला. अलाइनमेंटच्या बिलात ही शेवटची पायरी क्वचितच दिसते, आणि ती करा म्हटलं की गिऱ्हाईकाला वाटतं पैसे काढतोय. संध्याकाळी घाटात जाऊन आलो, उजव्या वळणांना दिवा गप्प.

आबांनी मग ट्रॅक्शन बंद करायच्या बटणाचं विचारलं. पावसात काळ्या मातीत गाडी रुतली की ते दाबून ठेवायचे आणि विसरायचे. चिखलात ट्रॅक्शन बंद केलेलं कधीकधी बरं, कारण ते ताकदच कापतं आणि गाडी जागची हलत नाही. पण बऱ्याच गाड्यांत बटण नुसतं दाबलं तर ट्रॅक्शन जातं, दाबून धरलं तर स्टॅबिलिटीही. प्रत्येक कंपनीचं वेगळं, म्हणून पुस्तक बघा, आणि डांबरी लागली की चालू करा, असं सांगितलं.

"आन् हाई टायर?" आबांनी नव्या टायरवर लाथ मारून विचारलं. त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते बिल घेऊन तडक टायरवाल्याकडं निघाले.