नऊ खुंट्या, सहा तारा

डिस्चार्जची नोट मी आदल्या रात्रीच लिहून ठेवली होती. "प्रगती थांबली आहे, पुढील उपचारांतून लाभ अपेक्षित नाही." सकाळी फक्त तारीख टाकायची आणि पाठवून द्यायची.

२०१७ सालची गोष्ट. तेव्हा मी अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या ग्रेनाडा गावाजवळ ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करत होते. आमचं काम मोठ्या शस्त्रक्रियांचं नाही. शर्टाची बटणं लावणं, चमचा धरणं, कुलपात किल्ली फिरवणं, असली कामं हाताला पुन्हा शिकवायची. पेशंट सत्त्याहत्तर वर्षांचे, काळेसावळे, उंचेपुरे आजोबा. नाव सांगत नाही, आजोबाच म्हणते. तीन महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक येऊन उजवा हात लुळा पडला होता. खांदा आणि कोपर बरंच परत आलं, पंजा काही येईना. करंगळी आणि अनामिका आत वळून बसलेल्या.

आमच्याकडे नऊ खुंट्यांची एक चाचणी असते. वाटीतून एकेक खुंटी चिमटीत उचलायची, पाटावरच्या भोकात बसवायची, नऊ झाल्या की एकेक काढून परत वाटीत टाकायची. त्या वयाच्या धडधाकट माणसाला पंचवीस-तीस सेकंद पुरतात. आजोबांना पहिल्या दिवशी एकशे बत्तीस लागले. दोन आठवड्यांनी एकशे अठ्ठावीस. महिन्याने पुन्हा एकशे एकतीस. त्यांच्या विमावाल्यांना आकडा खाली आलेला दिसायला हवा होता, तो दिसला नाही तर पुढच्या भेटी मंजूर होणार नव्हत्या. आणि खरं सांगायचं तर मलाही तो दिसत नव्हता. आजोबा खुंट्यांकडे असे बघायचे, जसं शाळेतलं पोर नावडत्या मास्तरांकडे बघतं.

त्या गुरुवारी ते आले ते नातवाला घेऊन. पोरगा सतरा-अठराचा, हातात काळी पेटी. "डॉक," आजोबा म्हणाले (मी डॉक्टर नाही हे चार वेळा सांगून झालं होतं), "आज तुझ्या त्या खुंट्या राहू दे."

पेटीतून गिटार निघाली. जुनी, पोटावरचं पॉलिश उडालेली. मी मनात म्हटलं, झालं. पेशंटला शेवटच्या दिवशी एक आवडतं काम करू द्यावं, त्यात काही बिघडत नाही. पंचेचाळीस मिनिटांतली दहा जातील. खुर्चीचे हात अडायला लागले म्हणून बिनहाताचं स्टूल दिलं, आणि मी घड्याळाकडे बघत उभी राहिले.

डाव्या हाताने त्यांनी सुरावट धरली. तो हात चांगलाच होता, बोटं आपोआप जागेवर गेली. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने उचलून गिटारीवर आणून ठेवला. कोपरापुढचा हात लाकडाच्या कडेवर टेकला. वळलेली करंगळी आणि अनामिका गिटारीच्या पोटावर टेकल्या. आणि अंगठा हलला.

खर्जाची एक तार, मग तिच्या खालची. पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. आवाज जाड, थोडा खरखरीत. पण ठेका? घड्याळाच्या लंबकाला लाजवेल असा. मी न ठरवता पायाने ताल धरला होता. ज्या हाताला एक खुंटी उचलायला दहा-बारा सेकंद लागत होते, तो हात मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देत होता, एकही न चुकवता.

तर्जनी मात्र येत नव्हती. वरच्या तारांवर जिथे गाण्याची चाल यायला हवी, तिथे नुसता खरचटल्यासारखा आवाज. माझं लक्ष तिकडेच. "तर्जनी थोडी वर उचला," मी सांगायला गेले. आजोबांनी मान हलवली, अंगठा न थांबवता. "तू बोटं ऐकतेयस. अंगठा ऐक. अंगठा आहे तोवर गाणं आहे."

मी मिरजेची. सतारमेकर गल्लीत वाढले. कारागीर घोडीवर कानस फिरवून जवारी काढतात, तार छेडतात, पुन्हा कानस, पुन्हा तार, दुपारभर एकच सूर. तार कशी ऐकायची हे आपल्याला कळतं, असा माझा समज होता. तो त्या स्टूलापाशी उतरला. घरी फोनवर सांगताना मी "त्यांचा अंगठा म्हणजे आपला तानपुरा" असं सांगून मोकळी झाले, पण ते खरं नाही. तानपुऱ्याला ठेका नसतो. इथे अंगठा खर्जही देतो आणि ठेकाही, आणि तर्जनी-मध्यमा त्याच्या ठोक्यांच्या मधल्या फटीत गाणं पेरतात. ऐकणाऱ्याला वाटतं दोघं जण वाजवताहेत.

हात दमला तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि विचारलं, हे शिकलात कुठे. "ॲव्हलॉनचा जॉन हर्ट," ते म्हणाले. मला नाव माहीत नव्हतं. नातवाने माझ्याकडे असं बघितलं, जसं मिरजेत कुणी "अब्दुल करीम खाँ कोण?" विचारल्यावर मी बघेन.

मग जे कळलं त्यातलं काही आजोबांकडून, काही नंतर वाचून. मिसिसिपी जॉन हर्ट. जन्मसाल कुणी १८९२ सांगतं, कुणी १८९३. ॲव्हलॉन हे ग्रेनाडा आणि ग्रीनवूडच्या मधलं, डेल्टाची सपाटी संपून टेकड्या सुरू होतात तिथलं खेडं. लहानपणीच गिटार हातात आली, शिकवणारं कुणी नाही. दिवसा शेतमजुरी, शनिवारी रात्री लोकांच्या नाचाला वाजवणं. शेजारच्या एका गोऱ्या फिडलवाल्याने शिफारस केली म्हणून १९२८ साली तबकड्या काढणाऱ्या ओके कंपनीने त्यांना आधी मेम्फिसला आणि मग डिसेंबरात न्यूयॉर्कला नेऊन गाणी ध्वनिमुद्रित केली. नावाआधी "मिसिसिपी" कंपनीनेच चिकटवलं, खप वाढावा म्हणून. खप काही वाढला नाही. पुढे मंदी आली, आणि हा माणूस परत ॲव्हलॉनला येऊन शेतात राबायला लागला. पस्तीस वर्षं.

१९५२ साली हॅरी स्मिथ नावाच्या संग्राहकाने जुन्या तबकड्यांचा एक मोठा संच काढला, त्यात हर्ट यांची दोन गाणी होती. शहरातल्या तरुण पोरांनी ती उगाळून उगाळून ऐकली. माणूस मेला असणार, असंच सगळ्यांनी धरलेलं. एका गाण्यात त्यांनी ॲव्हलॉन हे आपलं गाव असल्याचं सांगितलं होतं, पण चालू नकाशांत ते सापडेना, जुन्या ॲटलासमध्ये सापडलं. १९६३ साली टॉम हॉस्किन्स हा तरुण गाडी घेऊन तिथे पोचला आणि दुकानापाशी विचारलं, तर लोकांनी सरळ घराचा रस्ता दाखवला. दारात अनोळखी गोरा माणूस बघून हर्ट यांना वाटलं पोलीसच आले. त्या वेळी त्यांच्याकडे स्वतःची गिटारसुद्धा नव्हती, पाहुण्याच्या गिटारीवर वाजवून दाखवलं. त्याच जुलैत ते न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारोंसमोर बसले होते.

"सापडले म्हणतात," आजोबा हसले. ते तेव्हा तेवीस वर्षांचे, जवळच्याच शेतांवर कामाला. "हरवले कधी होते? रोज गुरं घेऊन रस्त्याने जायचे. टोपी काढून नमस्कार करायचे."

१९६६च्या नोव्हेंबरात हर्ट वारले, ते ग्रेनाडातच. म्हणजे कौतुक झालं तीन वर्षं. त्या काळात असं बऱ्याच जणांचं झालं. स्किप जेम्स या ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत) गाणाऱ्या दुसऱ्या मोठ्या कलावंताला १९६४ साली पोरांनी शोधलं ते ट्युनिकाच्या हॉस्पिटलमधल्या खाटेवर. हे ऐकल्यापासून वॉर्डातून जाताना प्रत्येक म्हाताऱ्याचे हात बघायची मला सवय लागली आहे. बहुतेक वेळा ते नुसते हातच असतात, पण असो.

कामाचं बोलायचं तर, चूक माझी होती आणि ती साधी होती. खुंटी उचलताना हात हवेत असतो. खांद्याने तो तोलायचा, चिमटीने पकडायचं, आणि मग पकड सोडायची. स्ट्रोकनंतर पकड सोडणं हेच सगळ्यात अवघड. वर बोटांना स्पर्श नीट कळत नाही, त्यामुळे खुंटी हातात आहे की पडली हे बघूनच समजायचं. गिटारीवर हे काही लागत नाही. हाताचा भार लाकूड घेतं. हर्ट यांच्या पद्धतीत अनामिका आणि करंगळी तशाही गिटारीवर टेकलेल्याच असतात, म्हणजे आजोबांची जी दोन बोटं मी महिनाभर सरळ करायला झटत होते, त्यांचं तिथे काही अडत नव्हतं. आणि अंगठा बरोबर पडला की नाही, हे सांगायला कान होता. ज्या वाटेने बातमी मेंदूपर्यंत पोचत होती ती वाट सोडून मी दुसरीच ठोकत बसले होते.

नोट खोडली. नवी लिहायला दुपारचं जेवण गेलं. "गिटार वाजवता येणे" हे उद्दिष्ट विम्याला चालणार नाही अशी भीती सहकाऱ्यांनी घातली, म्हणून जोडीला बटणं आणि चमचाही घातला, आणि ठोके मोजून आकडे दिले. आठ भेटी मंजूर झाल्या. दर भेटीला आधी दहा मिनिटं गिटार, मग त्याच ठेक्यावर मी टेबलावर बोटं आपटत राहायची आणि आजोबांनी खुंट्या लावायच्या. "अजूनही आवडत नाहीत हं," असं दर वेळी सांगून. शेवटच्या भेटीत त्र्याण्णव सेकंद. फार मोठी कमाई नाही, पण पाठवण्यासारखा आकडा.

त्यातल्याच एका रविवारी ॲव्हलॉनला जाऊन आले. गाव असं उरलेलं नाहीच. टेकडीत शिरणारा कच्चा रस्ता, झाडांवर चढलेली कुडझूची वेल, आत झाडीत स्मशानभूमी आणि तिथे जॉन हर्ट यांचा दगड. त्यांच्या नातीने त्यांच्या जुन्या लाकडी घराचं छोटं संग्रहालय केलं होतं. मी गेले तेव्हा ते बंद होतं, पायरीवर बसून परत आले. पुन्हा येऊ म्हटलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते आगीत जळून गेलं.

तोवर मी ते गाव सोडलं होतं. बातमी मला आजोबांच्या नातवाने पाठवली, खाली एक व्हिडिओ जोडून. आजोबा चौऱ्याऐंशीचे, ओसरीवर बसलेले. तर्जनी बरीचशी आली आहे, मध्यमा कधीच आली नाही. ती जिथे लागते तो वरचा सूर शेजारी दुसरी गिटार घेऊन बसलेला नातू वाजवतो. मध्येच तो चुकतो. आजोबा मान वळवून त्याच्याकडे बघतात, आणि अंगठा तसाच चालू.