भिंती पाडल्या, बोलणंही कमी झालं

जर्मनीत बऱ्याच जुन्या कंपन्यांत अजूनही दोन-तीन माणसांच्या, दार लागणाऱ्या खोल्या आहेत. आमच्याकडे त्या होत्या, पण गेल्या वर्षी पाडल्या. आता अख्ख्या मजल्यावर टेबलंच टेबलं, आणि त्यातलं एकही कोणाच्या मालकीचं नाही. सकाळी लॉकरमधून कीबोर्ड-माऊस काढायचा, संध्याकाळी टेबल रिकामं करून निघायचं.

कारण सांगितलं गेलं ते 'सहकार्य वाढेल' असं. माझ्या मते खरा हिशेब जागेचा आहे. भिंती आणि बोळ गेले की तेवढ्याच भाड्यात जास्त माणसं मावतात. टीम वाढली तरी बांधकाम काढावं लागत नाही. शिवाय निम्मे लोक घरून काम करतात, त्यामुळे माणसांपेक्षा टेबलं कमी ठेवली तरी भागतं.

वाईट याचं वाटतं, की मोकळ्या ऑफिसची फार विचारपूर्वक केलेली मांडणी याच देशातली. 1950 च्या दशकाच्या अखेरीस हॅम्बुर्गजवळच्या क्विकबॉर्नमध्ये एबरहार्ड आणि वोल्फगांग श्नेले या भावांनी 'ब्युरोलांडशाफ्ट' (शब्दशः 'ऑफिसचं भूदृश्य') पुढे आणलं. कोणाचा कागद कोणाकडे जातो, कोणाचं कोणाशी काम पडतं, हे आधी तपासायचं आणि मग टेबलं लावायची. साहेबालाही वेगळी केबिन नाही. मध्ये कुंड्या, आडोसे, आवाज जिरवायला खाली गालिचा. तरीही गोंगाट आणि खिडकीपासून दूर बसणं लोकांना नकोसं झालं. 1972 च्या कायद्याने कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधी मंडळाचे, म्हणजे बेट्रीब्सराटचे, अधिकार वाढले आणि कामाच्या जागेच्या मांडणीबद्दलही त्यांना बोलता येऊ लागलं. 1973 च्या तेलसंकटानंतर असे प्रचंड हॉल चालवणं महागही पडू लागलं. खोल्या परत आल्या.

आणि सहकार्य? अमेरिकेतल्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या संशोधकांनी दोन मोठ्या कंपन्यांत मोजमाप केलं. ते 2018 मध्ये प्रसिद्ध झालं: भिंती गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं, ईमेल वाढले. मला हे रोज दिसतं. माझ्या शेजारची सहकारी आधी खुर्ची वळवून शंका विचारायची. आता कानाला हेडफोन लावते आणि हाताच्या अंतरावरून मेसेज पाठवते, कारण तोंड उघडलं की आजूबाजूच्या दहा जणांचं काम थांबतं. पगारवाढीचं किंवा आजारपणाचं बोलायचं तर जिन्यात जावं लागतं.

बेट्रीब्सराटकडे आम्ही लेखी मागणी दिली आहे: प्रत्येक मजल्यावर दार लागणाऱ्या काही खोल्या आणि फोनसाठी वेगळी जागा. सही करणाऱ्यांत मीही आहे.