बाई, उधारी कायले बंद केली?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आठवडी बाजारात, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकड्यावर, सगळीकडे हाच प्रश्न. आजेसासऱ्यांच्या वेळचं दुकान पुन्हा उघडलं, चांगलं केलं, पण उधारी कायले बंद केली? दिवाळीला पुण्याहून येणारी पोरं तर हे विचारतात, जुन्या पितळी तराजूचा फोटो काढतात आणि साबणाची वडीसुद्धा न घेता जातात.

शकुंतलेनं, म्हणजे आपल्या त्या छोट्या रेल्वेनं, गुळाच्या भेल्या यायच्या तेव्हापासूनचं हे दुकान, वगैरे तुम्हाला माहीत आहे. ते सोडते. दुकान बंद कशानं पडलं तेही माहीत आहे, फक्त ते तुम्ही सोयीनं विसरता. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि त्या सालची उधारी आलीच नाही. कोणी बुडवली असं मी म्हणत नाही. नव्हतेच, तर देतील कुठून? पण उधारी थकली की माणूस दुकानासमोरून जायचं टाळतो. हातात चार पैसे आले तर नगदी माल दुसरीकडून घेतो, कारण आमच्याकडे आला तर आधी मागचं निघेल. पैसा गेला तो गेलाच, गिऱ्हाईकही गेलं. ठोकवाल्यानं माल देणं थांबवलं आणि मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी, दुकानाला फळ्या लावल्या.

म्हणून पुन्हा उघडताना माझी एकच अट होती. नवऱ्यानं पाटी रंगवून दिली: ‘उधारी बंद आहे’.

आता त्या पोळ्याचं सांगते, कारण तुम्ही विचारता तेव्हा तुमच्या मनात तेच असतं.

खांदशेकणीचा, म्हणजे पोळ्याच्या आदला दिवस. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. एक काकाजी आले, मामाजींच्या बरोबरीचे. गावात आता ट्रॅक्टर झाले, पण यांच्या दावणीला अजून जोडी आहे. त्यांनी येसणी, कासरे, बेगडाचे ताव, हिंगूळ घेतला. मग चण्याची डाळ, गूळ, तेलाचं पाकीट. मी सगळं मोजून पिशवीत भरलं. ते म्हणाले, “मांडून ठेव सूनबाई, कापूस निंगाला का देतो.”

मी पाटीकडे बोट केलं.

ते हसले. “थे पाटी नव्या पोट्ट्यायसाठी असन.”

“नाही काकाजी, सगळ्यांसाठी आहे.”

त्यांनी मामाजींकडे पाहिलं. मामाजी खुर्चीवर बसून सुतळीची गुंडी गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, “दुकान आता सूनबाईचं हाय.”

काकाजींनी बंडीच्या खिशातून नोटा काढल्या, मोजल्या. मग पिशवीतून डाळ काढून काउंटरवर ठेवली. मग गूळ. मग तेल. “बैलायचं घेतो,” म्हणाले. “मानसायचं पाहू.”

मागं रांग उभी होती. कोणी काही बोललं नाही. मी डाळ परत कोठीत ओतली आणि पुढच्याला विचारलं, तुमचं काय जी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी स्वतःच्या पैशानं तीच डाळ, तोच गूळ घेऊन त्यांच्या घरी गेले. चहा पिऊन आले. पिशवी भरलेलीच परत आली.

मी चुकले का? नाही. माझा माल पंधरा दिवसांच्या बोलीवर येतो, आणि ठोकवाला कापूस निघायची वाट पाहत नाही. मामाजींच्या काळी एकाधिकार कापूस खरेदी होती, कापूस सरकारलाच विकायचा. चुकारा, म्हणजे कापसाचा पैसा, हप्त्याहप्त्यानं यायचा, रखडायचा, पण येणार हे धरलेलं असायचं. त्या भरवशावर सालभर वही चालायची. आता कापूस घरातून निघतो तोच वाटून. आधी कृषी केंद्रवाला, मग बँक किंवा सावकार, मग पोरांची फी. किराणा शेवटी. त्या शेवटच्या जागी उभं राहायची माझी तयारी नव्हती, आजही नाही.

पण उघडताना मी घरच्यांना जे बजावलं होतं, की उधारी बंद झाली की चांगलं गिऱ्हाईक आपोआप येईल, ते तसं झालं नाही. ज्याच्याजवळ नगद आहे तो मोटरसायकलनं तालुक्याच्या मार्टात जातो, महिन्याचं सामान एकदम आणतो. त्याला आमची गरज कधी पडते? साखर संपली आणि पाहुणे दारात आले तर. ज्याला रोज आमची गरज आहे त्याच्याजवळ आषाढ ते दसरा नगद नसते. मग हे दुकान मी नेमकं कोणासाठी उघडलं? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, गावासाठी. मास्तर आहे, त्याला असं बोलता येतं.

आणि एक सांगून टाकते. उधारी पूर्ण बंद आहे हेही खरं नाही. काही घरांना मी देते. वहीत मांडत नाही, डोक्यात ठेवते. कोणाला आणि का, ते विचारू नका. त्यांनीही चारचौघांत बोलायचं नाही, एवढंच ठरलं आहे. ते काकाजी त्यांच्यात नाहीत. मी मामाजींकरवी निरोप धाडला होता. उत्तर आलं, “तिले म्हना, पाटी चांगली हाय, राहू दे.” ते रामराम घालतात, मामाजींशी पारावर बसतात, आणि आगपेटी घ्यायलाही पलीकडच्या दुकानात जातात.

पोळा पुन्हा तोंडावर आला आहे. नवऱ्याचं म्हणणं, पाटी काढ आणि घरटी मर्यादा ठरव, दोन हजारांच्या वर नाही. बरं, दोन हजार झाले आणि माणूस तेल मागायला उभा राहिला, तर त्याच्या तोंडावर नाही कोण म्हणणार? तो तर पाच वाजेपर्यंत शाळेत असतो.