लाइट गेल्यावर भोंगा कशावर वाजणार?

रसायनांच्या कारखान्यात दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल घ्यायची हे घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांतच आहे, आणि ड्रिलला धोक्याचा भोंगा मस्त वाजतोही. पण ड्रिलच्या वेळी लाइट असते ना! खरी आग लागली की आपण पहिलं काम काय करतो, तर मेन ब्रेकर पाडतो, म्हणजे सगळ्या प्लांटची वीज तोडतो. मग त्याच पॅनलवरून सप्लाय घेतलेला भोंगा कसा वाजेल? मेंटेनन्सवाल्या प्रत्येकाला मी हे विचारत असतो.

गिरण्यांचे जुने भोंगे वाफेवर वाजायचे, बॉयलरला प्रेशर आहे तोवर विजेचा संबंधच नाही. आता बहुतेक कारखान्यांत थ्री फेज मोटरचा सायरन असतो. आत खाचा असलेला रोटर फिरतो, बाहेर तशाच खाचांचं कडं असतं, हवा आत ओढली जाते आणि खाचा समोरासमोर आल्या की बाहेर फेकली जाते, त्या झटक्यांचाच आवाज होतो. दोन पोलची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला साधारण २९०० फेरे मारते, रोटरला १० खाचा धरल्या तर सेकंदाला ४८० च्या आसपास झटके, म्हणून तर सुरू करताना सूर हळूहळू चढतो आणि बंद केल्यावर उतरत जातो. मला तर हे मशीन फार आवडतं, साधं आहे, तीस वर्षं चालतं. अडचण एकच, स्टार्टिंगला करंट सहा-सात पट खेचते, त्यामुळे ऑफिसच्या इन्व्हर्टरवर जोडून भागत नाही, आणि डीजीवर (डिझेल जनरेटरवर) टाकायची तर डीजी सुरू होऊन लोड घेईपर्यंतचे सेकंद जातात, तेही डीजीची स्वतःची बॅटरी धड असली तर. म्हणून फायर पंपासारखा मेन ब्रेकरच्या आधीच वेगळा फीडर (सप्लायची स्वतंत्र लाइन) काढून घ्या, तो खर्च करण्यासारखाच आहे.

इलेक्ट्रॉनिक सायरनचं बरं असतं, ॲम्प्लिफायर आणि हॉर्न थेट २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, चार्जर किंवा सोलर पॅनल फक्त बॅटरी भरत राहतो. पण तो बॅटरीचा डबा खांबावर भर उन्हात, आणि लेड ॲसिड बॅटरीचं आयुष्य तापमान दर १० अंश वाढलं की अंदाजे निम्मं होतं. चार्जर चालू ठेवून मीटर लावला तर मेलेली बॅटरीसुद्धा २७ व्होल्ट दाखवते हो! चार्जर काढा, सायरन पूर्ण वाजवा आणि तेव्हा व्होल्टेज किती पडतं ते बघा. आणि पावसाळ्याआधी हॉर्नमध्ये कुंभारमाशीचं मातीचं घर झालंय का तेही बघा.

भोपाळला १९८४ मध्ये बाहेरच्या वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला आणि परत लावला तोवर गॅस वस्तीत पसरला होता. तिथे तर वीज होती. वीज असून लोकांना वेळेवर कळलं नाही, तर नसताना काय होईल याचा विचार आपण करायलाच हवा.

७ मे २०२५ ला देशभर सिव्हिल डिफेन्सची ड्रिल झाली, उरण-तारापूरची नावं पहिल्या यादीत होती, तेव्हा सायरनवर बरंच बोलणं झालं, पण सगळं आवाज कुठपर्यंत आला यावरच. पुढच्या ड्रिलला तुमच्या प्लांटचा मेन ब्रेकर खरंच पाडायची परवानगी मागा, शटडाऊनच्या दिवशी तरी मिळते, आणि मग भोंग्याचं बटण दाबा.