तान्हा पोळ्याची रात्र

आज गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत घरोघर फिरली. चुलतभावाच्या नातवाचं सगळं लक्ष शेजारच्या पोराच्या उंच बैलावर. त्याच्याएवढी असताना माझा जीव गव्हाच्या पोळीत अडकलेला असायचा. घरात बाराही महिने ज्वारी, गहू फक्त सणाला. आता शिवारभर सोयाबीन झालं. पाखरं न् रानडुकरं पीक ठेवत नाहीत म्हणून ज्वारी कोणी पेरत नाही, आणि मला भाकर खावीशी वाटते ती विकतच्या ज्वारीची. दुर्मीळ झालं की हवंहवंसं होतं, हे खरंच. पण तेवढंच असतं तर माणूस समजायला सोपा झाला असता.

लग्नाच्या वयात गळ्यात सोन्याच्या मण्यांची एकदाणी हवी होती. घरातल्या साऱ्या इच्छा तेव्हा कापसाच्या चुकाऱ्याची, म्हणजे विकलेल्या कापसाच्या पैशाची, वाट पाहत. 1972 साली सरकारनं एकाधिकार कापूस खरेदी सुरू केली, त्यानंतर चुकारा हप्त्या-हप्त्यानं येई. आधी दुकानाची उधारी, मग कापडचोपड, सोनं सगळ्यांत शेवटी. उशीर झाला, पण एकदाणी आली.

बाबांना मात्र जमीन हवी होती. आमच्या जिल्ह्यात पवनारला विनोबांचा आश्रम. 1951 पासून ते जमिनीचं दान मागत देशभर पायी फिरले. बाबा त्यांना फार मानत, तरी शेजारचा तुकडा विकायला निघाला तेव्हा कर्ज काढून घेतलाच. पोटाला चिमटा घेतलेल्या माणसाची ती भूक होती, मी तिला लोभ म्हणणार नाही.

आता बाबा ऐंशीच्या पुढे आहेत. शेताच्या धुऱ्यापर्यंत जाववत नाही, पिकाचं विचारणंही कमी झालं. संध्याकाळी ओसरीवरून हाक येते, "बस नं व माय जराशी. काम काही नाही."

म्हातारपणी इच्छा सरतात म्हणे. विनोबांनी नोव्हेंबर 1982 मध्ये 87व्या वर्षी अन्न-औषध सोडून शांतपणे देह ठेवला, पण तशी माणसं किती? घरातल्या म्हाताऱ्यांकडून आपण तीच अपेक्षा धरतो आणि त्यांनी काही मागितलं की "आता काय राहिलं तुमचं?" असं तोंडावर म्हणतो. हे मला अगदी खटकतं. बाबांची इच्छा सरलेली नाही. ती आता नेमकी झाली आहे, आणि पुरवायला सगळ्यांत अवघड. जमीन कर्ज काढून आली, सोनं चुकाऱ्यातून आलं. जवळ बसणारं माणूस कशातून आणायचं? त्याला दुसऱ्याची संध्याकाळच लागते. मला स्वतःलाही अलीकडे वस्तूंपेक्षा हेच हवंसं वाटू लागलं आहे, म्हणून त्यांची हाक जास्त ऐकू येत असेल.

जेवणं झाल्यावर पुण्याला भावाला फोन केला. दिवाळीला येतो म्हणाला. मी म्हटलं, दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. त्याच्या आधी चार दिवस काढ, वाटणीचे कागद आणू नको, बाबांजवळ नुसता बस.